इफ्तारचे ताट आणि वजनाचा काटा

रमजानचा महिना लागला की शिरवळच्या चहाच्या टपरीवर, कंपनीच्या कँटीनमध्ये किंवा पुण्याच्या एसटीची वाट पाहताना रोजेदाराला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "पाणीसुद्धा चालत नाही?" आणि दुसरा, "मग महिन्यात वजन किती उतरतं हो?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाणी नाही, विडी-तंबाखूही नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र बरेच रोजेदार हसून बगल देतात. ईदचे कपडे शिवायला टाकताना शिंपी कंबरेचे माप घेतो, तेव्हा ते पुष्कळदा गेल्या वर्षीपेक्षा पुढेच सरकलेले असते.

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या हिंदू शेजाऱ्यांनी स्वतःवरच केलेला विनोद आहे. साबुदाण्याची खिचडी, वडे, दाण्याची आमटी, रताळ्याचे काप, वर केळ्याचे वेफर्स. उपवास पोटाला असतो की चुलीला, असा प्रश्न पडावा. पण मगरीबच्या अजानच्या पाच मिनिटे आधी आमच्या दस्तरखानावर नजर टाकली, तर ती म्हण आम्हालाही तितकीच लागू पडते. म्हणून या लेखातला हिशेब दोन्ही घरांना उपयोगी पडेल.

रमजान हा चांद्र महिना. दरवर्षी तो दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येत असल्याने आपल्या भागात रोजा साधारण तेरा तासांचा होतो. या तेरा तासांत शरीर काय करते? सहेरीला खाल्लेले अन्न काही तास पुरते. नंतर यकृतात साठवलेली साखर वापरली जाते आणि दुपार कलल्यावर शरीर हळूहळू चरबीकडे वळते. म्हणजे वजन उतरण्याची खरी संधी असरच्या नमाजनंतरच्या त्या दोन तासांत सुरू होते आणि तेवढ्यात इफ्तारची वेळ होते. जगभरात रमजान आणि वजन यांवर झालेले अनेक अभ्यास एकत्र पाहिले, तर महिन्याभरात सरासरी एक ते दीड किलो वजन घटते असे दिसते. त्यातही काही भाग पाण्याचा असतो. आणि ईदनंतर दोन ते पाच आठवड्यांत ते बहुतेक सगळे परत येते. सरासरी एवढी असते याचा अर्थ काहींचे तीन किलो उतरते आणि काहींचे दोन किलो वाढते. दोघांनीही रोजे सारखेच धरलेले असतात. फरक सूर्यास्तानंतरचा असतो.

तो फरक ताटातच मोजून पाहू. तीन छोटे खजूर, म्हणजे साधारण सत्तर कॅलरी. प्लेटभर कांदाभजी, तीनशेच्या आसपास. एक सामोसा, आकाराप्रमाणे दोनशे ते तीनशे. गुलाबाच्या सरबताचा ग्लास, शंभर-सव्वाशे. बेरीज सातशेच्या पुढे गेली. आता दुसऱ्या बाजूला ज्वारीच्या दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी आणि एक भाजी ठेवा. तिथेही जवळपास तेवढीच बेरीज येते. म्हणजे इफ्तारच्या पहिल्या दहा मिनिटांतच आपले एक पूर्ण जेवण होऊन गेलेले असते, आणि आपल्या लेखी अजून जेवणाला सुरुवातच झालेली नसते! नमाजनंतर बिर्याणी किंवा खिमा-पाव, तरावीहनंतर चहा-खारी, आणि गल्लीत कुणी फालुदा आणला तर त्याला नाही कोण म्हणणार?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत माणशी दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप पुरेसे धरले आहे, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे. चौघांच्या घराला महिन्याला हे साडेतीन लिटरच्या आसपास होते. रमजानच्या आधी किराणा दुकानातून घरात आलेले तेलाचे डबे आठवा. दिवाळीच्या फराळाची यादी आठवली तरी चालेल. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी, असेही तिथे सांगितले आहे. पाच लहान चमचे. सरबताच्या एका मोठ्या ग्लासात ती जवळपास संपते.

गंमत अशी की परंपरेने सांगितलेली इफ्तारची रीत या सगळ्याच्या अगदी उलट आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) काही खजूर आणि पाण्याने रोजा सोडत आणि मग मगरीबची नमाज पढत. पोटाचा एक तृतीयांश भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, अशा अर्थाची त्यांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. आपल्या चरकसंहितेतही पोटाचे तीन भाग करून एकच भाग घट्ट अन्नाला द्यावा, असे सांगितलेले आढळते. अरबस्तान आणि भारत इतके दूर, पण पोट एकच. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला वीसेक मिनिटे लागतात, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. खजूर, पाणी, नमाज आणि मग जेवण या क्रमात ती वीस मिनिटे आपोआप मिळतात. हल्ली होते असे की सगळी तळणी नमाजआधीच संपवायची घाई असते, कारण भजी गार होतील. माझ्या मते इफ्तारमध्ये एकच सुधारणा करायची असेल, तर ती ही करावी: तळलेले पदार्थ दस्तरखानावर आणायचेच झाले, तर नमाजनंतर आणावेत. त्या वेळी निम्मे उरतात.

उरलेल्याचाही एक प्रश्न आहे आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. उरलेली भजी शेवटी कोण खाते? जिने तळली ती. दुपारी तीनपासून चुलीसमोर उभी असलेली बाई सगळ्यांना वाढते, स्वतः दोन घास खाते आणि रात्री दहा वाजता 'अन्न वाया जायला नको' म्हणून ताटलीतले उरलेले संपवते. पुन्हा साडेतीनला उठून सहेरी तीच करते. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि गोडाकडे हात जातो, हेही आता अभ्यासांतून चांगले कळले आहे. घरातल्या अम्मींचे किंवा भाभींचे वजन रमजानमध्ये का वाढते, याचे उत्तर तिच्या जिभेत शोधू नये. चारऐवजी एकच तळण करायचे, हा निर्णय घरातल्या पुरुषांनी घेतला तर त्याचा फायदा दोघांच्याही कंबरेला होईल.

दोन वेळच्या जेवणाचा विषय महाराष्ट्रात नवा नाही. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार आपल्या व्याख्यानांतून ही कल्पना मांडत असत. २००४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. पुढे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तीच कल्पना गावोगावी नेली. खरी भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, तेव्हाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, असे त्यांचे थोडक्यात सांगणे. आठवत असेल, काही वर्षांपूर्वी लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक घड्याळ बघून जेवत होते. २०१८ मध्ये राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याने स्थूलपणाविरोधी मोहिमेसाठी डॉ. दीक्षितांना पुढे केले. त्याच सुमारास दर दोन तासांनी थोडे थोडे खा, असे सांगणाऱ्या आहारतज्ज्ञांचाही मोठा वर्ग होता. घराघरांत दोन पक्ष पडले होते.

रोजेदाराला वाटेल, दोन वेळा म्हणजे आमचा रमजानच की! बाहेरून तसे दिसते खरे. पण त्या पद्धतीत दोन जेवणांच्या मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा चालतो. गोड टाळायचे असते आणि चालणे सक्तीचे असते. आपण घेतो ते फक्त 'दोन वेळा', आणि त्यातली दुसरी वेळ मगरीबपासून मध्यरात्रीपर्यंत ताणतो. पंचावन्न मिनिटांचे पाच तास होतात.

दोन वेळा खाल्ल्याने काही जादू होते का? चीनमधल्या ग्वांगझू शहरात १३९ स्थूल माणसांवर वर्षभर एक प्रयोग झाला आणि २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सगळ्यांनाच मोजून कमी खायला सांगितले. त्यांतल्या निम्म्यांना ते सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळेत खायचे होते. वजन दोन्ही गटांचे उतरले आणि त्यांत म्हणावा असा फरक निघाला नाही. म्हणजे घड्याळाने मदत होते ती आपले खाणे आवरायला. खाणे आवरलेच नाही, तर घड्याळ काय करणार? दोन्ही पक्षांचे भांडण मला म्हणूनच थोडे वायफळ वाटते. ज्याला दोन वेळा जेवून बरे वाटते त्याने दोनदा जेवावे, ज्याला तीनदा हवे त्याने तीनदा. ताटातली बेरीज दोघांनाही चुकत नाही.

"मी तर काटकुळा आहे, मला काय त्याचे?" असे म्हणून पान उलटणाऱ्यांसाठी एक गोष्ट. शिरवळपासून तास-दीड तासावर पुण्यात केईएम रुग्णालय आहे. तिथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा दीर्घ अभ्यास केला. आपल्याकडची बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा: २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय बारीक, पोट पुढे, हा आपला सर्वसाधारण बांधा. मधुमेह त्याच पोटातून येतो.

म्हणूनच भारतीयांसाठी मापे कडक ठेवली आहेत. बीएमआय २३ च्या पुढे गेला की जादा वजन, २५ च्या पुढे स्थूलपणा. त्याहून सोपे म्हणजे टेप. पुरुषाच्या कंबरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर, याच्या वर गेला की सावध व्हावे. पॅंटच्या नंबरावर जाऊ नका. पॅंट पोटाच्या खाली बांधली की नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. तेही २३ नव्हे, २५ चा आकडा धरून.

स्नायू कमी असतील तर नुसते उपाशी राहून आणखी स्नायूच झिजतात. त्यामुळे सहेरीला महत्त्व आहे. अनेक तरुण, विशेषतः सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला घरी येणारे, तेव्हाच जेवून झोपतात आणि सहेरी चुकवतात. सहेरी करणे सुन्नत आहे, त्यात बरकत आहे असे आपण मानतो. शरीराच्या बाजूनेही ते बरोबरच आहे. चहा-बिस्किटाची सहेरी दहा वाजेपर्यंतही टिकत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ किंवा दोन अंडी, वाटीभर दही, एखादी काकडी, एवढे पुरते. खारे लोणचे आणि पापड टाळले तर दुपारची तहानही कमी लागते. यात महागाचे काही नाही. बदाम-पिस्त्याशिवाय रमजान होत नाही, हा समज दुकानदारांच्या सोयीचा आहे.

आता व्यायाम. तरावीहच्या वीस रकात म्हणजे तास-सव्वा तास उभे राहणे, वाकणे, बसणे, उठणे. गुडघे, पाठ आणि कंबर मोकळी राहते, जेवणानंतर लगेच आडवे होणे टळते, हा फायदा निश्चित आहे. ती इबादत आहे, कसरत नव्हे, आणि तिच्याकडून चालण्याचे काम होईल अशी अपेक्षाही ठेवू नये. सत्तर किलोचा माणूस पाऊण तास झपाझप चालला तर साधारण दोनशे कॅलरी खर्च होतात. म्हणजे सामोसासुद्धा पुरता जिरत नाही. हे ऐकून चालणे सोडू नका. वजन उतरते ते मुख्यतः ताटातून, पण उतरलेले वजन परत येऊ न देण्याचे काम पाय करतात. रक्तातली साखर वापरण्याचे कामही स्नायूच करतात. आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, एवढे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन दिवसांसाठी जिम लागत नाही. जोर-बैठका आपल्या मातीतल्याच आहेत.

रोज्यात कधी चालावे? उन्हात नको. इफ्तारच्या आधीचा अर्धा तास रमतगमत, किंवा तरावीहनंतर वीस मिनिटे जरा वेगाने. आपल्याकडे अडचण जागेची आहे. महामार्गाच्या सेवारस्त्यावर ट्रक, धूळ आणि उलट्या दिशेने येणाऱ्या मोटरसायकली. तिथे तब्येत कमावण्याऐवजी गमवायची भीती. नीरेच्या बाजूला, सुभानमंगळच्या अंगाने हवा बरी असते, पण अंधार पडल्यावर बायकांनी तिकडे एकट्याने जावे असे कोण म्हणेल? चारजणींनी मिळून पहाटे फजरनंतर अर्धा तास चालणे हा त्यातला सोपा मार्ग. शेजारच्या काकूही त्या वेळी चालायला निघतातच. सोबत मिळाली तर व्यायाम टिकतो. आणि दिवसभर कंपनीत माल उचलणाऱ्याला चालण्याचा उपदेश करू नये. त्याला इफ्तारनंतर पुरेसे पाणी आणि झोप मिळू द्यावी.

इथे एक इशारा देतो, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. मधुमेह असलेल्यांनी रमजानला वजन उतरवण्याची मोहीम समजू नये. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या सुरू असताना तेरा तास उपाशी राहिले, तर साखर एकदम खाली जाऊ शकते: घाम, थरथर, बोलणे अडखळणे, बेशुद्धी. तेरा देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, टाइप २ मधुमेहींमध्ये रमजानच्या काळात असे गंभीर प्रसंग इतर महिन्यांच्या मानाने साडेसात पट आढळले होते. डॉक्टरांचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन स्पष्ट आहे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा तिथेच सोडायचा, मग इफ्तारला दहा मिनिटे उरलेली असोत. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमांचेही सर्वसाधारण मत आहे. गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा डॉक्टरांनी बदलून द्यायच्या असतात. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून त्या बदलू नयेत. आजारी माणसाला आणि प्रवाशाला कुराणानेच सवलत दिली आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही, त्रासाची भीती असेल तर, ती आहे. "एवढी वर्षे धरले, आता कसे सोडू?" असे म्हणणाऱ्या बुजुर्गांना ही सवलत समजावून सांगणे हे घरातल्या मुलांचे काम आहे. लाजेपोटी गोळी लपवून रोजा धरणारे चाचा जवळपास प्रत्येक मोहल्ल्यात सापडतील.

राहिला आग्रह. सातारा जिल्ह्यातल्या पाहुणचाराला तोड नाही आणि वजनाला त्याच्याइतका मोठा शत्रूही नाही. रमजानमध्ये अनेक हिंदू मित्र, मंडळे, पुढारी प्रेमाने इफ्तार ठेवतात. हे आपल्या गावांचे वैभवच आहे. त्यांना एकच सांगावेसे वाटते: आमच्या मानाखातर कढई चढवायची गरज नाही. खजूर, कलिंगड, पपई, उकडलेले हरभरे कांदा-लिंबू मारून, आणि थंडगार ताक. रोजेदाराला या ताटाने जे बरे वाटेल ते तळणीने वाटत नाही, फक्त तो ते भिडेपोटी सांगत नाही. ईदच्या दिवशी आमच्या घरी शीरखुर्म्याला येणाऱ्यांना आम्हीही लहान वाटी द्यावी. सात घरी जायचे असते त्यांना.

ईदच्या दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा-बटर, अकराचा वडापाव, चारचे बिस्किट सगळे एकदम परत येते आणि दोन ते पाच आठवड्यांचा तो हिशेब सुरू होतो. महिनाभर शरीराला दुपारच्या खाण्याशिवाय राहायची सवय लागलेली असते. ती सगळीच मोडायची गरज नाही. अकराचे आणि चारचे खाणे परत सुरूच केले नाही, तरी पुष्कळ साधते. शव्वाल महिन्यात सहा नफिल रोजे धरण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि सोमवार-गुरुवारचे रोजे धरणारेही अनेक आहेत. या रोज्यांना कुणी इफ्तार पार्टी देत नाही. कामाचा दिवस असतो, घरात इतरांचे नेहमीचे चाललेले असते. अजान झाली की एक खजूर, पेलाभर पाणी, नमाज आणि मग सगळ्यांबरोबर रोजची भाकरी-आमटी.